निवडुंगाचं विरजण घेऊन लेकीच्या गावी

सगळ्यात आधी आली ती शेजारची काशीबाई, आणि तिलाच कुणी बोलवलं नव्हतं. गाडी अजून जुंपलेली नव्हती, मी दशम्यांचं फडकं बांधून राहिले होते, तर ही ओट्यावर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. म्हणलं, काशे, कुठं निघालीस? तर म्हणते, "तू जिकडं निघालीस तिकडंच." गाडी हाकायला माझे धाकटे दीर सखारामभावजी होते. त्यांनी तिला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं अन् मला हळूच म्हणले, "वयनी, बैल दोनच हायेत."

काशीला ऐकू गेलं. ती म्हणाली, "मग तू उतरून चाल की. तुझं वजन माझ्यापेक्षा जास्तीच हाय."

अशी आमची वेळेवर निघायची गाडी तासभर उशिरा निघाली. ही दोन सालांमागच्या माघातली गोष्ट. आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, निजामाच्या हद्दीत. लेक यमुना दिली सेनगावच्या पुढं दोन कोसांवर, वडाच्या वाडीला. त्या बाजूला लेकी दिलेल्या बाया आमच्या गावात पुष्कळ आहेत. वाट कशी, मुक्काम कुठं, सोबत काय न्यावं, सारख्या विचारतात. सांगून सांगून तोंड दुखतं, म्हणून लिहून ठेवते. अक्षर माझं असंच आहे, सून वाचून दाखवील.

जायचं कारण दोन. एक तर यमुनेला चार पोरांवर लेक झाली होती. चार नातवांचे मी सारखेच लाड केले, पण नात झाल्याचा निरोप आला तेव्हा मी चुलीपुढून उठून अंगणात गेले अन् उगीच कोंबड्यांना ज्वारी टाकली. कोंबड्यांनी सकाळीच खाल्लं होतं. तरी टाकली.

दुसरं कारण म्हणजे पाणी. वाडीला एक जुनी विहीर आहे, दगडी बांधणीची, भर वैशाखात हात घातला तर गार पाणी. पण ती निवडुंगात बुडाली. फड्या निवडुंग, ज्याचे तळहातासारखे फडे असतात अन् लाल बोंडं धरतात तो. यमुना लग्न होऊन गेली तेव्हा विहिरीला जायला पाऊलवाट होती. थोरल्या पोराच्या वेळेला तिनं विहिरीची पूजा वाकून, पदर सांभाळत केली. दुसऱ्याच्या वेळेला लांबूनच हळदकुंकू फेकलं. मग वाट मिटलीच. बाया ओढ्यात झिरा खणायच्या, वाटीवाटीनं पाणी भरायच्या, त्यात गुरंही तोंड घालायची. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्या घाण पाण्यानं यमुनेच्या पायाला नारू झाला. दोन महिने पाय घेऊन बसली. ओल्या अंगाची लेक, पाच लेकरं, अन् वैशाखात पुन्हा तोच झिरा. ते मला झोपू देत नव्हतं.

कुणी म्हणेल, निवडुंग तोडून टाकावा. तोडलाय त्यांनी. तुम्हीही तोडून बघा. जितके तुकडे पडतात तितकी झाडं होतात. जाळलाही, वरवर जळतो अन् पावसात बुडातून फुटतो.

पण आमच्याकडं एक नवल झालं होतं. आमच्या शिवारातही तोच निवडुंग होता, ढोरवाटेच्या दोन्ही अंगांनी माणसाच्या वर गेलेला. एका साली वऱ्हाडाच्या बाजूनं, नाक्यापलीकडून, एक पांढरा किडा आला. फड्यावर कापूस पिंजून चिकटवावा तसा दिसतो. नखानं चिरडला तर कुंकवासारखा लाल. सरकारनं वऱ्हाडात मुद्दाम सोडला म्हणतात, मला काही ठाऊक न्हाई. नाक्यावर माणसाला गाठोडं सोडून दाखवावं लागतं, साखर असली तर जकात द्यावी लागते, किड्याला कोण अडवतो? तो आला अन् दोन पावसाळ्यांत आमचा सगळा निवडुंग पिवळा पडून, कुजून, भुईला मिळाला. तो किडा दुसऱ्या कशाला शिवत नाही. न तुरीला, न कपाशीला. मी दोन वर्षं बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे विरजण आहे. शेजारणीकडून चमचाभर आणावं अन् घरचं दूध लावावं, तसं एका गावचं दुसऱ्या गावाला न्यावं. ढोरवाटेच्या टोकाला थोडा निवडुंग उरला होता. भावजींनी चिमट्यानं धरून किडा लागलेले फडे तोडले अन् मी ते टोपलीत गवताच्या थरावर ठेवले. वर कोरडं फडकं. कुणाला न्यायचं झालं तर एवढं लक्षात ठेवा, ओलं फडकं घालू नका. पाणी लागलं की किडा सुटतो. पावसात आम्ही पाहिलं होतं.

कनेरगाव ते हिंगोली सात-आठ कोस. सडक चांगली आहे, पण मोटारी धुरळा उडवतात. एक मोटार आमच्याजवळून गेली तर बैल बिचकून कडेला गेले अन् काशी माझ्या मांडीवर आली. मोटारीनं लवकर पोचता येतं, पण टोपली घेऊन कोण बसू देणार? अन् काशी घेऊन तर कुणीच न्हाई. दुपारी एका आंब्याखाली सोडलं. धपाटे, तिळाची चटणी, दही. धपाटे दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात, दशम्या तिसऱ्या दिवसापर्यंत. भाकरी न्याल तर पहिल्याच दुपारी संपवा.

हिंगोलीत धर्मशाळेत उतरलो. जागेचे पैसे घेत नाहीत, सरपण अन् कडबा तेवढा विकत घ्यावा लागतो. हाली पैसा, निजामाच्या शिक्क्याचा, जवळ ठेवा. वऱ्हाडातलं इंग्रजी कलदार नाणं घेतात, पण वटणावळ कापून घेतात अन् वर उपकार केल्यासारखं बोलतात.

संध्याकाळी काशी म्हणाली, छावणी बघू. मागं तिथं गोऱ्या साहेबांची पलटण राहायची. आता बंगले आहेत, काही पडलेले, काहींत लोक राहतात. बंगल्यांपेक्षा आम्हाला त्यांची कुंपणं आवडली. बारीक फुलांचे गुच्छ, एकाच गुच्छात गुलाबी, पिवळं, नारिंगी. म्हणलं, हे काय झाड? तिथं एक म्हातारी पेरू विकत बसली होती. ती म्हणाली, घाणेरी. पान चुरगाळून वास घेतला तर नाव बरोबर वाटलं.

"साहेबाच्या मडमेनं लावली व्हती," म्हातारी म्हणाली. "मडम गेली, साहेब गेला, ही काही गेली न्हाई. काळी बारीक फळं धरते, पाखरं खातात अन् जातील तिथं टाकतात. पार नदीपर्यंत गेली."

काशीनं तरी एक गुच्छ तोडून घेतला, बाळाच्या पाळण्याला लावायला. भावजींनी बैलापुढं एक फांदी धरली. बैलानं मान फिरवली. पेरू मात्र चांगले होते, आतून गुलाबी.

हिंगोली ते सेनगाव हा दुसरा दिवस. ही वाट कच्ची. काळी माती, कोरड्या दिवसांतच जावं, पावसाळ्यात चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुततं. कयाधूच्या वाळूत आम्ही उतरून चाललो. पाणी घोट्याएवढं. मी मुद्दाम काठानं बघत होते, तर खरंच, म्हातारीची ती फुलं दोन ठिकाणी करंजीच्या खाली दिसली. बाकी दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, हुरड्यात आलेली. एका शेतकऱ्यानं आम्हाला हाक मारून बसवलं, कणसं भाजून दिली. काशीनं इतका हुरडा खाल्ला की तिला पुढं गाडीत आडवं व्हावं लागलं अन् मग तिचं गाठोडं मला मांडीवर घ्यावं लागलं. म्हणलं, ह्यात काय गं एवढं टोचतंय? तर म्हणाली, "तुझ्या कामाचं न्हाई ते." मी गाठोडं दुसऱ्या मांडीवर घेतलं. काशीला विचारण्यात अर्थ नसतो.

सेनगावच्या बाजाराचा दिवस नव्हता, नुसता मारुतीच्या पारावर मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीला पोचलो.

नात बघितली. त्याचं काय लिहू? आजीच्या हातात नात दिली की आजी कामातून जाते. डोक्यावर जावळ इतकं की काशी म्हणाली, ही तर वेणी घालूनच आली. यमुनेचा पाय बरा झाला होता, पण नारू निघाला तिथं काळा वण होता अन् ती अजून त्या पायावर जरा कमी भार देऊन चालत होती. मी बघतेय म्हणताना तिनं लुगडं खाली ओढलं.

विहीणबाईंचं नाव राहीबाई. स्वभावानं कडक पण मनानं वाईट न्हाई, आणि स्वच्छतेची फार. त्यांच्या घरी पितळी तांब्यात तुमचं तोंड दिसतं. चुलीला रोज पोतेरं, उंबऱ्याला रोज रांगोळी. मी टोपली ओसरीवर ठेवली अन् सांगितलं, विहीणबाई, निवडुंगाचं औषध आणलंय, उद्या लावू. त्या म्हणाल्या, व्हय, व्हय, उद्या सगळ्या गावाला बोलावते. एवढंच बोलणं झालं. नीट समजावून सांगायला हवं होतं, पण मांडीवर नात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला तेल लावून न्हाऊ घालत होते. राहीबाईंनी फडकं काढून टोपलीत पाहिलं. त्यांना वाटलं, औषध म्हणजे फडेच. आमच्या गावचे फडे काहीतरी वेगळे, ते इथं लावले की इथला निवडुंग मरतो. अन् त्यांवर ही पांढरी बुरशी चढलेली. सगळं गाव बघायला येणार, सुनेच्या माहेरहून आलेला जिन्नस, लोक काय म्हणतील? म्हणून त्यांनी काय केलं, चिमट्यानं एकेक फडा धरून राखेनं घासला, दोन पाण्यांतून काढला, सुपात मांडला अन् वर हळदकुंकू वाहिलं.

मी नातीला धुरी देऊन बाहेर आले तर अंगण भरलेलं. पाटील, जावई, बाया, पोरंटोरं. मधे सूप. त्यात हिरवेगार, लकाकणारे फडे. एकही किडा न्हाई. सुपाशेजारी राखेचं पाणी सांडलेलं, त्यात लालसर छटा.

 तीन दिवसांची वाट, अन् घरी उरलेला निवडुंगही एव्हाना कुजून संपत आलेला, पुन्हा आणायचं म्हटलं तर सापडेल याचा भरवसा न्हाई. मी यमुनेकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती सासूच्या मागं उभी राहून मला बारीक मान हलवून राहिली होती, बोलू नको म्हणून.

तिचं खरं होतं. मी बोलले असते तर विहीणबाईंची भर अंगणात मान खाली गेली असती. मी तर परत जाणार. मागं राहणार ती यमुना, त्याच चुलीपाशी.

काशीनं तोंड उघडलं. मी तिचा हात असा दाबला की तिच्या बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या.

म्हणलं, "वा, विहीणबाईंनी किती नीट मांडलं. चला, विहिरीकडं जाऊ."

वाटेत काशीनं मला मागं ओढलं. म्हणाली, "हात सोड माझा. गाठोड्यात एक हाय."

काय एक? तर एक फडा. किडा लागलेला, काट्यांसकट, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तिनं घरून आणलेला. मला मांडीला टोचत होता तो हाच. कशाला आणलास? तर म्हणाली, लाल रंग निघतो ना त्याचा, बाळाच्या टोपड्याला लाल दोरा रंगवावा म्हणलं. आपण पडलो कुंकू नसलेल्या बाया, आपल्या हातचं कुंकू बाळाला कोण लावू देतं? दोरा तरी रंगवावा.

मी त्या फडक्याकडं बघत राहिले. ती म्हणाली, "बघून काय राहिलीस? घे."

विहिरीजवळ पोचलो तेव्हा आमच्याआधी तिथं एक बाई उभी होती. अंगावर आरशांची काचोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. ती सोमली, वाडीला लागून असलेल्या लमाण तांड्याच्या नायकाची बायको. त्यांची माणसं वऱ्हाडात जातात-येतात, तिला किड्याचं ठाऊक होतं. विहिरीपलीकडच्या उतारावर त्यांचा तांडा, अन् हाच निवडुंग उताराखालून वळून त्यांच्या वासरांच्या कोंडवाड्याचं कुंपण झालेला. तिनं पाटलाला विचारलं न्हाई, जावयाला विचारलं न्हाई, सरळ माझ्याकडं आली.

"तूच का ती किडा आणलेली म्हातारी?"

म्हणलं, व्हय.

"तुझ्या लेकीची विहीर उघडेल. चांगलं हाय. पाणी आमालाबी पायजे. पण किडा हितवर थांबून म्हणंल का, हे गावाचं, हे तांड्याचं? आमचं कुंपण मरंल. मागच्या साली कुंपणाला एक भगदाड पडलं तर लांडग्यानं दोन वासरं नेली."

पाटील म्हणाले, बघू पुढं काय होतं ते. सोमली म्हणाली, तुमी पुढं बघता, लांडगा आजच बघतो. बाया हसल्या, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. किडा थांबत नसतो, मी पाहिलं होतं. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणलं, हिचं कुंपण जाणार. आज न्हाई, पण दोन पावसाळ्यांत जाणार.

मग बराच वेळ बोलाचाली झाली. ती सगळी सांगत बसत नाही. शेवटी ठरलं असं, की कुंपण विरायला लागलं की वाडीतल्या प्रत्येक घरानं बाभळीच्या काट्यांचा एकेक भारा तांड्यावर टाकायचा, अन् दरसाल दिवाळीनंतर पुन्हा. ह्याला सगळ्यात आधी हो म्हणाल्या त्या राहीबाई. त्या म्हणाल्या, पयला भारा माझ्या घरचा. मग बाकीच्यांना मागं राहता येईना.

सोमली म्हणाली, "दरसाल? गाववाले दुसऱ्या साली विसरतात, माय."

पण ती बाजूला झाली. आणि एवढं झाल्यावर मला कळलं की तिनं मघापासून वाट अडवून धरली होती.

विहिरीभोवती हा निवडुंग आला कसा, ते तिथंच एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याच्या आजाच्या काळी गुरं विहिरीत पडायची. म्हणून कुणीतरी शहाण्यानं लांबून चार फडे आणून विहिरीभोवती कुंपण लावलं. विहिरीच्याच भल्यासाठी. 

किडा फड्यांच्या आतच असेल असं समजून कुणी काही विचारलं न्हाई, अन् लोकांपुढं विधी म्हणून राहीबाईंचे धुतलेले फडे एका लांब काठीनं निवडुंगावर ठेवले. नारळ फोडला. गर्दी पांगल्यावर भावजींनी काशीचा फडा चिमट्यात धरून, आडवं होऊन, जितका आत जाईल तितका आत नेऊन एका जाड झाडाच्या दोन फड्यांमधे नीट खोचला. असाच खोचायचा असतो, किड्याला चालत जाता आलं पाहिजे. अंगभर ओरबाडून बाहेर आले अन् म्हणाले, "वयनी, पुढच्या खेपेला दोन काशीबाई आणा."

मग त्यांनी आठवणीनं धुतलेले फडे काठीनं परत काढले. ते खाली पडले असते तर आणखी झाडं झाली असती. काटे जाळून आमच्या बैलांना खाऊ घातले. बैलांनी हळदकुंकवासकट खाल्ले.

बारसं झालं. नाव गोदावरी ठेवलं. काशीचा गुच्छ पाळण्याला लावला होता, पण वासानं बाळ शिंकायला लागलं तसा यमुनेनं काढला. सोमली आली होती, बाळाच्या हातात कवडी बांधून गेली. जाताना तिनं तो काढलेला गुच्छ पाहिला, उलटासुलटा केला, काय झाड, कुठं मिळतं, गुरं खातात का, सगळं विचारलं. काशीनं मोठ्या हौशीनं सांगितलं. न्हाई खात, बैलानं तोंड फिरवलं. सोमली म्हणाली, असं व्हय? अन् गेली.

परतीची वाट तीच, खर्च थोडा कमी, कारण काशीनं हिंगोलीत धर्मशाळेच्या रखवालदाराला बोलण्यात इतकं गुंतवलं की त्यानं कडबा तसाच दिला.

घरी आल्यावर सगळ्या विचारायच्या, काम झालं का? मी म्हणायचे, बघू. एका फड्यावर काय होतं, हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. विरजण थोडं असलं तर लागायला वेळ लागतो, पण लागतं. तरी त्या सालचा अन् परसालचा, दोन्ही वैशाख माझ्या डोळ्यांपुढून गेले न्हाईत. यमुनेनं ते झिऱ्यावरच काढले. निरोप यायचे, आत खोलवर चार झाडं पांढरी दिसतात. मग पहिल्याच दसऱ्याला निरोप आला, उतार पिवळा पडायला लागला. ह्या साली माघात जावयांनी अन् पाच-सात जणांनी मेलेला निवडुंग काठ्यांनी लोटून जाळला अन् विहिरीच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. ह्या वैशाखात यमुना त्या पायऱ्या उतरून पाणी भरते. गोदी काठावर बसवून ठेवतात, ती कळशीवर थापा मारते. हे मला सांगणारा माणूस पाणी पिऊन निघून गेला तरी मी ओसरीतच बसून होते. मग उठले अन् पुन्हा कोंबड्यांना ज्वारी टाकली.

तांड्याचं कुंपणही गेलं, मी म्हणलं होतं तसंच. वाडीनं पहिल्या साली सगळ्या घरचे काटे टाकले. दुसऱ्या दिवाळीनंतर अर्ध्या घरांनी. राहीबाईंनी दोन्ही साली टाकले. सोमलीनं मात्र गाववाल्यांची वाट बघितली न्हाई. ती बाजाराला म्हणून हिंगोलीला गेली अन् छावणीतून घाणेरीच्या काड्या घेऊन आली. कोंडवाड्याभोवती लावल्या. चांगल्या फुटल्या म्हणतात, आता फुलावर आहेत. लांडगा आला न्हाई.

मी तिला नावं ठेवत न्हाई. ज्याची वासरं जातात त्याला काहीतरी लावावंच लागतं. पण मला त्या पेरूवालीचं बोलणं आठवतं, अन् त्या म्हाताऱ्याच्या आजाच्या काळचे चार फडे आठवतात. निवडुंग निदान पडेल तिथं पडायचा. हिला तर पाखरं घेऊन जातात. अन् हिच्यावरचं विरजण कुठल्या गावाला मिळतं, ते मी अजून कुणाकडून ऐकलं न्हाई.

जाऊन काय मिळालं, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगते. लेकीच्या गावाला जा, माघात जा, धपाटे न्या, ओलं फडकं नेऊ नका, अन् न बोलावता जी सगळ्यात आधी येऊन बसेल तिला गाडीत घ्या.

परवा निरोप आला. राहीबाई येणार, यमुना येणार, गोदी येणार, अन् सोमलीही येते म्हणते. राहीबाईंनी मला वेगळा निरोप धाडलाय. फडे धुतले ते काय झालं हे त्यांना तेव्हाच, पाण्याचा लाल रंग बघून कळलं होतं, अन् मी गप्प बसले हेही कळलं होतं. येताना त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणणार आहेत, तोंड दिसेल असा घासलेला. सोमलीनं सांगितलंय, माझ्यासाठी अन् काशीसाठी घाणेरीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, परसात लावा, फार सुरेख दिसतात.

मी निरोप घेऊन येणाऱ्याला जेवू घातलं अन् उलट निरोप दिला. सोमलीला म्हणावं, तू ये, चार दिवस राहा, तुला पुरणपोळी घालते. काड्या तेवढ्या राहू दे. अन् तिच्या कुंपणाला पुढच्या दिवाळीनंतर काट्यांचा एक भारा माझ्या नावानंही टाकायचा, जावयाला सांगून ठेवलंय.

चिखल असला तरी नागपंचमीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाल्यात.